किट तेच ठेव, हेड बदल

पत्र:

"ताई, आमच्या मेटल बँडचा पहिला अल्बम दोन महिन्यांनी रेकॉर्ड करायचाय. आठ गाणी आहेत. सहा १९० ते २१० बीपीएममधली (मिनिटाला तेवढे बीट), दोन संथ आणि जड. माझं ड्रम किट बर्चच्या लाकडाचं, सहा वर्षं जुनं. २२ इंची किक (पायानं वाजतो तो मोठा ड्रम), १० आणि १२ चे टॉम (वरचे मधले ड्रम), १६ चा फ्लोअर टॉम (जमिनीवर उभा राहणारा), १४ बाय साडेपाचचा स्टीलचा स्नेअर (खालून तारा लावलेला ड्रम), डबल पेडल (दोन्ही पायांनी एकाच किकवर वाजवायचं). सिंबल (झांजा) सगळे जाड, स्टेजवर ऐकू यावेत म्हणून घेतलेले. कर्ज काढून मेपलचं नवं किट घ्यावं, की दुसरी किक जोडावी, की ट्रिगर (ठोका टिपणारे सेन्सर) घ्यावेत, यात अडकलोय. २०० च्या पुढे डावा पाय मागे पडतो, ती चिंता वेगळीच. त्यात आमचा गिटारिस्ट म्हणतो, 'तू कशावरही वाजव, मिक्समध्ये सगळं सॅम्पलनंच, म्हणजे आधीच रेकॉर्ड केलेल्या तयार ठोक्यांनीच बदलणार आहेत.' तेव्हापासून सरावात मन लागत नाही. किटला काही अर्थ उरलाय का? – डावा पाय"

उत्तर:

शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण खरेदीचं सगळं त्याच्यावर अवलंबून आहे, आणि मला वाटतं तुला खरं टोचलंय तेही तेच.

तुमच्या गिटारिस्टचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. हल्लीच्या बऱ्याच मेटल अल्बममध्ये किक आणि स्नेअरला सॅम्पलची जोड असते, कधी टॉमलाही असते. त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण सॅम्पल बदलतं ते जवळच्या माइकमधला आवाज. डोक्यावर लावलेले दोन ओव्हरहेड आणि लांब ठेवलेले रूम माइक यांच्यात तुझं अख्खं किट शिरलेलं असतं. सिंबल तिथूनच येतात, त्यामुळे ते माइक कोणी बंद करू शकत नाही. म्हणजे स्नेअरवर कितीही भारी सॅम्पल चढवलं तरी त्याच्या मागे तुझा खरा स्नेअर वाजतच राहणार. दोघांचा सूर जमला तर आवाज भरदार होतो. नाही जमला तर एकाच ठोक्याला दोन स्नेअर ऐकू येतात. मग मिक्स करणारा तो खरा स्नेअर दडवायला ओव्हरहेडमधल्या आवाजाचा खालचा, जाड भाग कापत जातो, आणि शेवटी सिंबल तेवढे किरकिरे, पातळ होऊन उरतात. ड्रम 'प्लास्टिकचे' वाटतात अशी तक्रार ऐकलीस की त्यामागे बहुतेक वेळा हे घडलेलं असतं.

तेव्हा किटला अर्थ आहे, पुष्कळ आहे. फक्त तो तू शोधतोयस त्या जागी नाही.

नव्या किटचा विषय दोन वाक्यांत मिटवते. बर्चच्या शेलच्या (ड्रमच्या लाकडी नळकांड्याच्या) आवाजाचा मधला भाग मुळात जरा दबलेला असतो, ठोक्याची धार आणि खालचं पोट पुढे येतं, आणि जाड गिटारच्या भिंतीतून बाहेर यायला नेमकं तेच लागतं. मेपलसाठी कर्ज काढू नकोस.

पैसे घाल हेडमध्ये, म्हणजे ड्रमच्या तोंडांवर ताणलेल्या प्लास्टिकच्या पडद्यांत. वरची हेड कधीतरी बदलली असशील, पण खालची बहुतेक किटबरोबर आली तीच असणार. त्यांच्यावर काठी पडत नाही, खड्डे दिसत नाहीत, म्हणून ती चांगलीच आहेत असं वाटत राहतं. पण सहा वर्षं ताणून बसलेलं प्लास्टिक मेलेलं असतं. टॉम किती वेळ गातो आणि कुठल्या सुरात विरतो, हे बरंचसं खालच्या हेडवर ठरतं. वर नवंकोरं हेड आणि खाली जुनं, अशा जोडीवर तासन् तास चावी फिरवूनही टॉम लागत नाही, आणि मग माणूस शेलला दोष देतो.

टॉमच्या वर दोन पदरी क्लिअर हेड लाव. रेमोचं एम्परर किंवा इव्हान्सचं जी-२, दोन्हींत ७ मिलचे दोन पदर असतात (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग). खाली १० मिलचं एकपदरी, म्हणजे अँबॅसडर किंवा जी-१. यातली कंपनी कुठली हे गौण आहे, पदर आणि जाडी महत्त्वाची. स्नेअरच्या वर कोटेड (लेप दिलेलं) हेड, खाली खास स्नेअर-साइड. ते ३ मिलचं, म्हणजे अगदी तलम असतं, तिथे चुकून टॉमचं हेड लावलं तर ताराच जाग्या होत नाहीत. किकला कडेनं डॅम्पिंग (घुमणं दाबणारी कडी) असलेलं एकपदरी: पॉवरस्ट्रोक ३ किंवा ईमॅड. स्नेअरची वरची हेड मात्र तीन घे. जोरात वाजवणाऱ्याचं स्नेअर हेड दोन-तीन गाण्यांत मधोमध पिचतं, आणि पहिल्या गाण्यातला स्नेअर सातव्यात बसका लागला तर ऐकणाऱ्याला कारण कळत नाही, पण खटकतं. बाकीची हेड रेकॉर्डिंगच्या दोन दिवस आधी चढव. नवं हेड पहिल्या दिवशी सैल पडत जातं, ते पडून होऊ दे.

आता ट्यूनिंग. एक टॉम घेऊन बस, घाई नको. जुनं हेड काढलंस की शेलच्या कडेवरून बोट फिरव. कुठे खाच, डिंक, भुसा लागतोय का बघ, कोरड्या फडक्यानं पूस. नवं हेड ठेव, रिम (हेड दाबून धरणारी कडी) ठेव, आणि सगळे बोल्ट बोटांनी फिरतील तेवढेच फिरव. मग चावीनं अर्धा अर्धा वेढा, समोरासमोरचे बोल्ट धरून. तळहात मधोमध ठेवून वजन टाक. करकर आवाज येईल, हेड बसत असतं, घाबरू नकोस. पुन्हा अर्धा वेढा. आता ड्रम सतरंजीवर उपडा न ठेवता सरळ ठेव, म्हणजे खालचं तोंड बंद होईल आणि एकाच हेडचा आवाज कानावर येईल. मधोमध एक बोट अलगद टेकव आणि प्रत्येक बोल्टसमोर, रिमपासून दोन बोटं आत, काठीच्या टोकानं हलकी टिचकी मार. एखादा बोल्ट शेजाऱ्यापेक्षा चढा बोलेल. चढा असेल तो आधी जरा उतरव आणि मग खालून वर सुरात आण. वरून खाली आणलेला बोल्ट वाजवता वाजवता आणखी सुटतो. सगळे बोल्ट एका सुरात आले की बोट काढून मध्ये एकच ठोका दे आणि शेवटपर्यंत ऐक. आवाज 'वाँव वाँव' असा लाटांनी हलत असेल तर अजून दोन बोल्ट भांडतायत. सरळ रेषेत विरला तर लागला.

खालचं हेड वरच्यापेक्षा थोडं चढं ठेव. त्यानं टॉमचा सूर स्पष्ट होतो आणि लांबण कमी होते, वेगवान फिलमध्ये (टॉमवरून फिरणाऱ्या छोट्या तुकड्यांत) हेच हवं. आवाज दाबणारं जेल किंवा टेप सगळं झाल्यावर, अगदी गरज असेल तिथे, नखाएवढा तुकडा. ट्यूनिंग चुकलेल्या टॉमवर टेप लावून तो गप्प होतो, लागत नाही. १२ आणि १६ मध्ये तुझ्याकडे १४ नाही, त्यामुळे फ्लोअर टॉम फार खाली नेलास तर फिलमध्ये मधली पायरी तुटल्यासारखी वाटेल. १६ जरा वर ठेव. संथ गाण्यांसाठी उतरवायचा तर त्या गाण्यांचं रेकॉर्डिंग एका दिवशी ठेवा.

किकवर जास्त वेळ घेणार आहे, कारण मेटलमधली किक हे वेगळंच प्रकरण आहे आणि तुझे दोन प्रश्न तिच्याशीच जोडलेले आहेत.

हिशेब कर. २०० बीपीएमला सिक्स्टीन्थ (एका बीटमध्ये चार ठोके) वाजवतोस तेव्हा सेकंदाला १३ हून जास्त ठोके पडतात, दोन ठोक्यांत अंतर ७५ मिलिसेकंद. २१० ला ते ७१ वर येतं. किक त्याहून जास्त वेळ घुमली की पुढचा ठोका आधीच्या घुमण्यावर पडतो, त्यावर तिसरा, आणि हातात राहतो तो नुसता गडगडाट. दुसरी गोष्ट सुराची. सात तारांच्या गिटारची खालची बी तार ६२ हर्ट्झच्या आसपास वाजते, म्हणजे जिथे किकचं पोट असतं बरोबर तिथेच. बेस गिटार त्याहून खाली. खालच्या मजल्यावर जागाच उरलेली नसते. मग ऐकणाऱ्याचा कान ठोका पकडतो तो बीटर (पेडलचा हातोडा) हेडवर आदळतानाच्या टिकवरून, ३ हजार हर्ट्झच्या वरच्या भागातून. या टिकला टायपरायटर म्हणून नावं ठेवणारे बरेच भेटतील. पण सेकंदाला तेरा ठोके वेगळे ऐकू यायचे असतील तर ती लागतेच, आणि ती मिक्समध्ये ओढूनताणून आणण्यापेक्षा पायाखालीच तयार झालेली बरी.

त्यासाठी बीटरची फेल्टची बाजू फिरवून प्लास्टिकची कडक बाजू पुढे घे. जिथे बीटर पडतात तिथे कडक पॅच चिकटव, हेडही वाचेल. किकचं हेड सुरकुत्या जाऊन जेमतेम सपाट होईल एवढंच ताण. आत घडी घातलेली चादर अशी ठेव की दोन्ही हेडना नुसती टेकेल. गादी कोंबू नकोस, किकचा जीव जातो. पुढच्या हेडला एका बाजूला १२-१३ सेंटीमीटरचं भोक असू दे, माइक आत जायला. संथ दोन गाण्यांसाठी चादर जरा मागे घेऊन बघ, तिथे ठोक्यांच्या मध्ये जागा आहे, किकला थोडं बोलू दे.

दुसरी किक नको. स्टेजवर दोन किकचा रुबाब मलाही आवडतो, खोटं का बोलू. पण रेकॉर्डिंगमध्ये दोन वेगळे ड्रम तंतोतंत एका आवाजात लागत नाहीत, डाव्या-उजव्या ठोक्याचा पोत वेगळा येतो, माइक दुप्पट होतात आणि हाय-हॅट (पायानं उघडझाप होणारी सिंबलची जोडी) आणखी दूर ढकलला जातो. तुझं डबल पेडल एकाच हेडवर वाजतं, म्हणजे निम्मी समानता तुला फुकट मिळालीये.

उरलेली निम्मी पायातून येईल. आज सरावानंतर किकच्या पॅचकडे नीट बघ. दोन बीटरचे दोन ठसे दिसतील. माझा अंदाज, उजवा ठसा मध्याजवळ आणि खोल असेल, डावा कडेला आणि फिका. बरीच डबल पेडल बसवतानाच अशी बसवली जातात की उजवा बीटर मधोमध पडतो आणि डाव्याला उरलेली जागा मिळते. पेडल थोडं बाजूला सरकव, दोन्ही बीटर मध्यापासून सारख्या अंतरावर पडले पाहिजेत. डाव्या पेडलकडून येणारा दांडा फार तिरका नको, आणि त्याच्या सांध्यात ढिलेपणा आहे का ते हातानं हलवून बघ. तिथला एका मिलिमीटरचा खेळ डाव्या पायाला प्रत्येक ठोक्याला उशीर करायला लावतो. डाव्या बाजूला त्या दांड्याचं वजनही ओढावं लागतं, म्हणून दोन्ही स्प्रिंग डोळ्यांनी सारख्या करून भागत नाही. पायाला सारख्या लागेपर्यंत फिरव.

मग फोन किकसमोर दोन-तीन हातांवर जमिनीवर ठेव, फक्त पाय वाजव, एक मिनिट, क्लिकवर (कानात वाजणाऱ्या तालाच्या टिकटिकीवर). ते रेकॉर्डिंग कुठल्याही साध्या एडिटरमध्ये उघडून आलेख मोठा कर. उंच-बुटका, उंच-बुटका असे दात दिसले की डावा कमजोर पडतोय. जोड्या जवळ सरकलेल्या दिसल्या की डावा उशिरा पडतोय. दोन्हींचा उपाय वेगळा आहे, आणि नुसत्या कानाला दोन्ही सारखंच 'मागे पडणं' वाटतं. कमजोर असेल तर १४० वर डाव्या पायानं सुरुवात करून रोज वाजव. उशिरा असेल तर पेडलकडे परत जा.

दोन महिन्यांत पायाचा वेग बदलेल अशी आशा मी तुला लावणार नाही. पण गाण्याचा वेग तुमच्या हातात आहे. २०८ वर धापा टाकत वाजवलेलं गाणं नंतर कापून-जोडून सरळ करावं लागतं. तेच १९८ वर प्रत्येक ठोका पूर्ण ताकदीनं पडला तर ऐकताना जास्त वेगवान वाटतं. बँडपुढे हे मांडायला कमीपणा वाटू देऊ नकोस.

आता ट्रिगर. घे, पण एकच, किकपुरता, आणि कोणाकडून मागून आणता आला तर तसा. तो रिमवर बसणारा छोटा सेन्सर असतो, प्रत्येक ठोक्याला एक टोकदार विजेचा सिग्नल देतो. तो आवाज म्हणून ऐकायचाच नाही. वेगळ्या ट्रॅकवर नुसता रेकॉर्ड करून ठेवायचा. त्याचा फायदा असा की सिंबलच्या गोंधळातही ठोका नेमका कुठे पडला हे त्यात स्वच्छ दिसतं. किकच्या माइकवरचा गेट (ठोका नसताना माइकचा आवाज बंद ठेवणारी सोय) त्याच्या इशाऱ्यावर उघडता येतो, आणि सॅम्पल जोडायचंच झालं तर जागेवर बसतं. आधी घरी तपासून घे. सगळ्यात हलका आणि सगळ्यात जड ठोका दोन्ही पकडतो का, एका ठोक्याला दोनदा तर उठत नाही ना. ट्रिगर लावला म्हणून किकचा माइक मात्र कोणाला काढू देऊ नकोस.

सिंबलबद्दल मी जरा हट्टी आहे. स्टेजसाठी घेतलेले जाड सिंबल अँप्सच्या वर ऐकू यायला बनवलेले असतात. ते उघडायला वेळ घेतात आणि मग थांबत नाहीत. माइकसमोर त्यांचा तो लांब, कठीण टणत्कार गिटारच्या वरच्या भागावर पसरून बसतो. क्रॅशसाठी (जोर द्यायला एकच मोठा ठोका मारतात ते सिंबल) मध्यम-पातळ सिंबल हवेत, ठोक्याबरोबर फुटणारे आणि लगेच मागे सरणारे. ८० टक्के तांबं आणि २० टक्के कथील असलेल्या बी-२० कांस्याचे मिळाले तर उत्तम. स्वस्त संचांतल्या बी-८ मध्ये कथील ८ टक्केच असतं, त्यांचा आवाज साधारणपणे जास्त सरळ आणि टोकदार लागतो. हे विकत घ्यायची गरज नाही. ओळखीच्या ड्रमरकडून दोन क्रॅश आणि हाय-हॅट आठवडाभर माग, आणि बदल्यात त्याला नवी फेल्टं बसवून परत दे. राइड (सलग ताल धरायचं मोठं सिंबल) तुझीच राहू दे. जाड राइडचा पिंग मेटलमध्ये उपयोगी पडतो. चायना सिंबलही.

हाय-हॅटचं मुद्दाम सांगते, कारण त्यात मी स्वतः पोळले आहे. माझ्या पहिल्या रेकॉर्डिंगला मी सवयीप्रमाणे हॅट स्नेअरच्या जवळ, खाली ठेवले होते, आणि तेही जाड. सगळे टेक झाले, सगळे खूश. मिक्सला बसल्यावर स्नेअरचा ट्रॅक एकटा लावला तर त्यात हॅटच स्नेअरच्या बरोबरीनं वाजत होते. स्नेअरला थोडी चमक द्यायला जावं तर हॅट कानात घुसत. दोन गाणी पुन्हा वाजवावी लागली, आणि बाकीच्यांत आजही मला स्नेअर ऐकू येत नाही, हॅटच येतात. म्हणून तू आत्तापासूनच हॅट चार बोटं वर आणि थोडे बाहेर घेऊन सराव कर. क्रॅशही वर घे. आयत्या दिवशी उंची बदललीस तर हात चुकतील, दोन महिन्यांत सवय होऊन जाईल. आणि वाजवताना हॅट हलके, ड्रम जोरात. हे एक जमलं तरी तुझा इंजिनिअर तुला दुवा देईल.

स्नेअर तुझा आहे तो ठीक आहे, स्टील आणि साडेपाच इंच, कापतो चांगला. ब्लास्ट बीटसाठी (अतिवेगवान सलग ठोक्यांचा ताल) वरचं हेड चढं हवं, कारण तिथे काठी उंच उचलायला वेळ नसतो, आणि हेड चढं असलं की हलक्या ठोक्यालाही तारा उत्तर देतात. संथ गाण्यांना मात्र साडेसहा इंच खोलीचा, पितळी किंवा लाकडी, कोणाचा मिळतो का बघ. उसना आणायची एकच वस्तू निवडायची झाली तर मी सिंबलनंतर हीच निवडेन. तारांकडे लक्ष दे, एखादी सुटून वाकलेली असेल तर तारांचा संच बदल. अल्बमचा स्नेअर लोकांच्या किती ध्यानात राहतो याचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. मेटॅलिकाच्या २००३ च्या अल्बमवर लार्स उलरिकनं तारा सोडून ठेवलेला स्नेअर वाजवला, आणि आजही त्या अल्बमचा विषय निघाला की गाण्यांच्या आधी स्नेअर निघतो. त्यानं ते समजून उमजून तसंच ठेवलं होतं. तुझ्याकडून ते न कळत व्हायला नको.

माइक हे इंजिनिअरचं काम, त्यात फार लुडबूड करू नकोस. स्नेअरवर १९६५ पासून चालत आलेला शूर एसएम५७ असेल, किकमध्ये एकेजी डी११२ किंवा ऑडिक्स डी६ असेल, आणि यांतल्या कशानंही चांगला अल्बम होतो. दोन गोष्टी मात्र नम्रपणे विचार. एक, दोन्ही ओव्हरहेड स्नेअरच्या मध्यापासून सारख्या अंतरावर आहेत का. स्नेअरच्या मध्यावर दोरीचं टोक धरून दुसरं टोक दोन्ही माइकांपर्यंत नेऊन बघता येतं. आवाज एका मिलिसेकंदात ३४ सेंटीमीटर जातो, तेवढा फरक पडला तर स्नेअर एका बाजूला झुकतो आणि पोकळ होतो. दुसरी, स्नेअरच्या खालच्या माइकचा फेज (आवाजाच्या लाटेची दिशा) उलटा केलाय का. काठी पडते तेव्हा वरचं हेड आपल्या माइकपासून दूर जातं आणि खालचं त्याच्या माइककडे येतं, दोन्ही तसेच मिसळले तर एकमेकांचं पोट खातात. बटण दाबून दोन्ही प्रकारे ऐका. जिथे स्नेअर जाड लागेल ते बरोबर.

स्टुडिओत नेताना हेडफोन बंद कपांचे ने. क्लिक मोठी लागते आणि उघड्या हेडफोनमधून ती ओव्हरहेडमध्ये गळते. गाण्याच्या शेवटी क्रॅश विरत असताना मागे टिक टिक टिक, हे मी छापून आलेल्या अल्बमवरही ऐकलंय. शेवटच्या ठोक्यानंतर क्लिक बंद करायला सांग, आणि तू स्वतः श्वास रोखून बस. स्टूल करकरतं का, पेडल चिवचिवतं का, हे आदल्या आठवड्यात तपास आणि तेल दे. जास्तीची चावी, पेडलची स्प्रिंग, बीटर, सिंबलची फेल्टं, विंग नट, टेप. काठ्या एकाच जाडीच्या, एकाच खोक्यातल्या, आणि राइडवर वाजवायची ती टोक झिजलेली नको. लाकडी टोकाचा कपचा उडाला की राइडचा आवाज त्याच क्षणी बदलतो.

आणि गिटारिस्ट. त्याला या आठवड्यात कामाला लाव. आठही गाण्यांची पायलट गिटार (वाट दाखवण्यापुरती कच्ची) त्यानं ठरलेल्या वेगाच्या क्लिकवर आधी रेकॉर्ड करून द्यायची, संथ भाग, थांबे, वेग बदलायच्या जागा सगळं धरून. तू त्याच फायलींवर सराव करायचा आणि स्टुडिओत त्याच कानात घ्यायच्या. ते करायला बसला की त्याला कळेल की अल्बमचा पाया सॅम्पलवर उभा राहत नाही. वेगळं समजवायला जाऊ नकोस.

एक शेवटचं, आणि हे काहीही झालं तरी कर. शेवटचा टेक झाला की सगळ्यांना घरी जायची घाई असते. किट खोलू नकोस. माइक जिथे आहेत तिथेच असताना अर्धा तास माग. किक, दोन्ही स्नेअर, तिन्ही टॉम, प्रत्येकावर एकेक सुटा ठोका: आठ-दहा पूर्ण जोरात, आठ-दहा मध्यम, आठ-दहा हलके. किकवर डाव्या पायाचे वेगळे, उजव्याचे वेगळे. प्रत्येक ठोका पूर्ण विरेपर्यंत थांब, मगच पुढचा. सिंबलचेही दोन-दोन. दुसरा स्नेअर फक्त संथ गाण्यांना वापरला असशील तर त्याचे ठोके त्याच दिवशी घे, उसना आहे, परत द्यावा लागेल. मग मिक्समध्ये एखादा ठोका कच्चा निघाला, किकला आधार लागला, तर जे सॅम्पल बसेल ते त्याच खोलीतलं, त्याच हेडचं, तुझ्याच हातापायाचं असेल, आणि ओव्हरहेडमधल्या आवाजाशी त्याचं भांडण होणार नाही. ठोके एका साच्यातले येऊ नयेत म्हणूनच आठ-दहा घ्यायचे. एकच ठोका शंभरदा चिकटवला की कान लगेच ओळखतो. त्या फायली स्वतःकडेही ठेव, आणि प्रत्येकीच्या नावात हेड कुठलं, ड्रम कुठला आणि तारीख लिही. दुसऱ्या अल्बमच्या वेळी सगळ्यात आधी त्याच उघडशील.